हौसाच्या हातातला माझा तांब्या

हौसे, तुझ्या रांजणातलं पाणी चोरलं ते मीच.

तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण हे वाचणाऱ्या बायकांना माहीत नाही, म्हणून आधी त्यांच्यासाठी सगळं सांगते. तू तोवर गप बस. गप बसणं तुला चांगलं जमतं. बारा वर्षं तेच तर करत आलीस.

महिला मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार गोड ओळी लिहा, असं मला सांगितलंय. 'प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख' वगैरे. तू कष्टाळू होतीस हे खरं. बाकी दोन्ही शब्द मी खोडलेत. प्रेमळ बाई असं वागत नाही. आणि तू हसायचीस तेव्हा मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची.

तर, नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. गडमुडशिंगीच्या शिवारात आमचं आणि तुझं रान एकाला एक लागून. आमचं घरही रानातच. मध्ये बांध, बांधावर कडुनिंब, आणि निंबाच्या सावलीत, तुझ्या बाजूला, गळ्यापर्यंत पुरलेला तुझा रांजण. त्याच्या तोंडावर ओलं पोतं. आत काय असायचं ते वाऱ्याची दिशा बदलली की सगळ्या शिवाराला कळायचं: गाईचं शेण, गोमूत्र, गुऱ्हाळावरून आणलेली काकवीची खरवड, मूठभर बेसन आणि त्याच निंबाखालची माती. आठ-दहा दिवस ते आंबायचं, वर फेस यायचा. मग तू त्यातलं एक करवंटीभर घेऊन घागरभर पाण्यात मिसळायचीस आणि मिरचीच्या तरव्याला घालायचीस. वाफ्यात दाटीनं उगवलेली ती कोवळी रोपं तुझ्याकडून न्यायला बायका चार गावांवरून यायच्या. आजऱ्याकडचीही एक बाई यायची, एसटीच्या टपावर टोपली चढवून.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. कोल्हापुरात सेंद्रिय शेतीच्या तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते. वहीत जिवाणूंची चित्रं काढून आणली होती, खाली लाल पेननं रेघ मारून. त्या वहीसकट मी बांधावर उभी राहायची आणि तुला नत्र, स्फुरद, पालाश समजावून सांगायची. तुला! जी संकेश्वराकडच्या आपल्या आईच्या, अव्वाच्या, मागं मागं फिरत, चालता यायच्या आधी मिरचीच्या वाफ्यात रांगली होती. तू तण काढत 'व्हय वैनी, व्हय वैनी' म्हणायचीस. एकदा मान वर करून विचारलंस, "वैनी, त्या जिवाणूस्नी मिरची तिखट लागत न्हाई व्हय?" मी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. पुढच्या शिबिरात विचारायला. हस, हस. आता तुला अडवणारं कोण आहे?

त्या वर्षी हनुमान जयंतीला आपण दोघींनी बी टाकलं. बी तुझ्याच अव्वाकडचं. माझे चार गादीवाफे, तुझे सहा. महिना होत आला तेव्हा तुझी रोपं बुटकी, टणक, गडद हिरवी. हात फिरवला तर तळव्याला टोचतील अशी. माझी लांबोडकी आणि फिकट. वाऱ्याची झुळूक आली की सासरी निघाल्यासारखी एकमेकींच्या गळ्यात पडायची. कारण उघड होतं. रोपं दोन पानांवर असल्यापासून मी त्यांना काहीबाही पाजत होते. तू सांगितलं होतंस, "चार पानं येऊस्तवर काय घालू नका. दात यायच्या आत पोराला भाकरी चारतोय व्हय आपण?" मी म्हटलं होतं, "तुझं जुनं झालं, हौसा."

बघ, तू मला 'वैनी' आणि 'तुमी', मी तुला 'हौसा' आणि 'तू'. आपलं वय एकच. तरीही हे असंच चालायचं, आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. तू बौद्ध वस्तीतली, मी मराठ्याच्या घरातली. तू माझ्या शेतात भांगलायला यायचीस तेव्हा तुला चहा बशीतून मिळायचा, ती बशी वेगळी ठेवलेली असायची. आणि तुझ्या बांधावर मला कधी तहान लागायची नाही. कुणी मनाई केली नव्हती. नुसती तहानच लागायची नाही.

मग बुद्धपौर्णिमा आली. तुम्ही सगळे पांढरी लुगडी, पांढरे सदरे घालून विहाराकडं गेलात. शिवार मोकळं. मी भर दुपारी बांध ओलांडला. दोन बादल्या आणि माझा पितळी तांब्या. तुझ्या रांजणावरचं पोतं सरकवलं, तांब्या बुडवून बुडवून बादल्या भरल्या, आणि चोर जसा पळतो तशी पळाले. म्हणजे दोन बादल्या घेऊन बेचाळीस वर्षांची जाडी बाई जेवढी पळू शकते तेवढी. अर्धं पाणी लुगड्यावर.

राहिलेलं मी तसंच्या तसं वाफ्यांवर ओतलं. एक थेंब पाणी न मिसळता. बाराच्या उन्हात.

तू घागरभर पाणी मिसळतेस हे मी शंभरदा पाहिलं होतं. पण मला वाटायचं, ही चिकट आहे, पुरवून पुरवून घालते. करवंटीभर पाण्यानं हिची रोपं अशी होतात, तर बादलीभर पाण्यानं माझी किती होतील! शिबिराचं प्रमाणपत्र मिळालेल्या बाईचं हे गणित. प्रमाणपत्राला मी काच लावून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा पांढऱ्या झाल्या. चौथ्या दिवशी तपकिरी. पाचव्या दिवशी चारही वाफे चहाच्या चोथ्यासारखे दिसत होते. आमचे मालक आले, उकिडवे बसले, एक रोप चिमटीत धरलं. ते चुरून गेलं.

"काय झालं गं तरव्याला?"

चोरी केली म्हणून सांगायचं होतं. वर मूर्खपणा केला हेही सांगायचं होतं. चोरी एक वेळ सांगितली असती, हौसे. मूर्खपणा सांगवेना.

"मला काय म्हाईत?" मी म्हटलं. "बांधापलीकडनं काय उडालं आसंल."

एवढंच बोलले. ह्या एका वाक्यावर मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सोडवत आले की मी तुझं नाव घेतलंच नव्हतं. मालक दूध घालायला डेअरीवर गेले. तिथं 'उडालं'चं 'शिंपडलं' झालं. दिवस मावळेपर्यंत 'शिंपडलं'ची 'करणी' झाली. इतक्या पटकन का झाली, ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. हेच मी आजऱ्याच्या त्या टोपलीवाल्या, मराठ्याच्या बाईबद्दल बोलले असते तर लोकांनी आधी चार प्रश्न विचारले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर आठ-दहा माणसं. मालक ओरडत होते. तू निंबाखालून सावकाश आलीस, पदर खोचलेला, आणि तुझ्या हातात माझा तांब्या.

तोपर्यंत मला पत्ताच नव्हता. मी घरभर तो शोधत होते. चोरीच्या घाईत तो तिथंच, निंबाच्या मुळीवर राहिला होता. लग्नात मामानं दिलेला तांब्या. त्याच्या गळ्याशी बारीक ठिपक्यांनी कोरलेलं: 'सौ. इंदुमतीस मामाकडून'. तू चौथी शिकलेली. तू तांब्या फिरवलास आणि ते नाव माझ्या बाजूला केलंस. बाकी सगळे तुझ्या तोंडाकडं बघत होते. दुसऱ्याच्या हातातल्या तांब्यावरचं नाव कोण वाचतं? आमच्या मालकांनी तर घरातल्या एकाही भांड्यावरचं नाव आयुष्यात वाचलेलं नाही.

"वैनी," तू म्हणालीस, "तुमी सांगा. मी काय टाकलं तुमच्या तरव्यावर?"

मी तांब्याकडं बघितलं. मग आभाळाकडं.

"देवाला म्हाईत," मी म्हटलं.

"बरं," तू म्हणालीस. तांब्यातलं पाणी निंबाच्या बुडात ओतलंस आणि आपल्या वाफ्यांकडं निघून गेलीस.

आता माझं भांडण ऐक. त्या दिवशी तू तांब्या वर का धरला नाहीस? आठ-दहा माणसं समोर होती. एक वाक्य पुरलं असतं. मालकांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या, गाव महिनाभर हसलं असतं, विषय संपला असता. तू तो संपवला नाहीस. माझ्या तोंडून येतंय का, ते बघत राहिलीस. मला एवढी चांगली समजणारी तू कोण? तुझा तो विश्वास मला नको होता. की तो विश्वास नव्हताच, नुसता सूड होता, आणि मी उगीच त्याला चांगलं नाव देतेय? तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. हे असं अर्धवट टाकून जायला तुला लाज वाटली नाही?

त्या वर्षी तुझ्याकडं रोपं न्यायला कुणी आलं नाही. तुझा तरवा वाफ्यातच वाढला, गुडघ्याला लागला, दाटीत त्याला फुलं आली. एके सकाळी तू तो उपटायला बसलीस. सहाच्या सहा वाफे. मूठ धरायची, उपटायची, मुळांची माती झटकायची, जसं काही पलीकडं कुणीतरी टोपली घेऊन उभंच आहे. मग सगळं खताच्या खड्ड्यात. मी म्हशीला पाणी पाजायचं निमित्त करून बघत होते. म्हशीचं पाणी कधीच पिऊन झालं होतं. घरी गेले आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या. एवढं करूनही मला भूक लागते, ह्याचीच लाज वाटली. त्याहून जास्त कशाची वाटायला हवी होती ते तेव्हा सुचलं नाही.

आणि दुसऱ्या दिवसापासून तू माझा छळ सुरू केलास. तू करवंटी फेकून दिलीस आणि रांजणातलं पाणी माझ्या तांब्यानं मोजायला लागलीस.

रोज. बारा वर्षं. सकाळच्या उन्हात तो तांब्या असा लखलखायचा की माझ्या स्वयंपाकघरातून दिसायचा. शेणात-मुतात बुडवायचीस आणि मग चिंच लावून, राख लावून अर्धा तास घासायचीस. स्वतःची भांडी एवढी घासली असशील का? मी तो मागू शकत नव्हते. मागितला असता तर तो तिथं गेला कसा, ते सांगावं लागलं असतं.

माझ्या आईनं एकदा विचारलं, मामाचा तांब्या दिसत नाही. मी म्हटलं, विहिरीत पडला. मालक भला माणूस, त्यांनी गळ टाकणारा माणूस आणला. अख्खी सकाळ त्यानं विहिरीत गळ फिरवला. दोन बादल्या निघाल्या, कुणाची तरी कळशी निघाली, एक विळा निघाला. तू बांधावर येऊन उभी. हातात तांब्या.

"काय पडलंय म्हणायचं, वैनी?"

"तांब्या."

"आरं द्येवा! कसला हुता?"

"पितळी."

"आसाच व्हय?" असं म्हणून तू तो वर धरलास. सगळ्यांना दिसेल असा.

मालक म्हणाले, "व्हय व्हय, आगदी आसाच हुता. तुझा चांगला घासलेला हाय, आमचा काळा पडलेला."

त्यावर तू जी हसलीस, हौसे! विहिरीच्या काठावर बसून, पदर तोंडात कोंबून. मला ढकलून द्यावंसं वाटलं. तुलाही आणि मालकांनाही.

एरवी आपलं बोलणं तेव्हा बंद होतं, म्हणजे एकमेकींशी. तू तुझ्या गाईशी बोलायचीस. माझ्या रोपांवर बोकड्या पडला, पानं वाटीसारखी मुडपली, तेव्हा तू कपिलीच्या पाठीवर हात फिरवत मोठ्यानं म्हणालीस, "कपिले, काय लोकांस्नी कळंना बग. आंबट ताकात नारळाचं पाणी घालून ठेवावं, त्याची फवारणी करावी, रोप कसं उमलून येतंय. पर शिबिराला ही सांगत नसतील."

मी माझ्या म्हशीला म्हटलं, "लोक समजतात आपल्यालाच कळतंय. ताक आठ दिवसांचं लागतं, वहीत लिहिलंय."

"कपिले, आठ दिसाचं ताक कढी कराय बरं. फवाराय पंधरा दिसाचं लागतंय."

"आठ."

"पंधरा गं माझी बाय!"

कपिली मेली, तिची कालवड आली, तीही व्याली. माझ्या म्हशी बदलल्या. आठ का पंधरा हे मिटलं नाही. पण त्या गाईच्या नावानं तू मला सगळं शिकवलंस, हे मी आज कबूल करते, दात-ओठ खात. निंबोळी पेंड वाफ्यात कधी मिसळायची. मुळं कुजायला लागली तर राख कशी भुरभुरायची. उपटायच्या आधी आठ दिवस पाणी तोडून रोपाला जरा तहानेलं कसं ठेवायचं, म्हणजे ते रानात गेल्यावर मान टाकत नाही. पोराला चार दिवस मामाच्या गावाला एकटं ठेवून बघतात तसं, असं तू कपिलीला म्हणालीस. एका वर्षात माझी रोपं तुझ्या तोडीची झाली. आणि गिऱ्हाईक माझ्याकडं वळलं. तुझ्याकडंही पुन्हा येऊ लागलं होतं, पण पहिल्यासारखं नाही. 'पाणी चांगलं हाय तिचं, पर...' असं बायका म्हणायच्या. तो 'पर' माझा. मी तो पेरला होता, आणि त्याला कसलंच खत घालावं लागलं नाही.

मग दोन हजारनंतर सेंद्रियची हवा आली. जो तो गांडुळं आणि गोमूत्र बोलायला लागला. मी तोपर्यंत आजी झाले होते, आणि पंचक्रोशीत 'मिरचीवाल्या काकू' म्हणून माझं नाव. ग्रामपंचायतीच्या हॉलात महिला मेळावा झाला, तेव्हा मला व्यासपीठावर बसवलं, शाल दिली, नारळ दिला. मी माईकवरून सांगू लागले: रांजण असा पुरावा, त्यात शेण इतकं, गोमूत्र इतकं, काकवी, बेसन, बांधावरची माती. सगळं तुझं. एक शब्द माझा नव्हता. फक्त 'बंधू-भगिनींनो' माझं. त्यातही बंधू कुणी आलेला नव्हता.

तू शेवटच्या रांगेत. मांडीवर तांब्या.

मेळाव्याला कोण तांब्या घेऊन येतं? प्रश्न विचारा म्हटल्यावर तूच उठलीस.

"बाई, एका घागरीला किती तांबं घालायचं?"

"एक," मी म्हटलं.

"आन् पानी न मिसळता तसंच वतलं तर?"

"जळतं."

"तुमी बगितलंय व्हय कुठं?"

हॉलात पन्नास-साठ बायका. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, हातात वह्या, पेनं वर. त्यातल्या निम्म्या तुझ्याकडून रोपं घ्यायला कचरणाऱ्या. तू मला दार उघडून धरलं होतंस, इतकं सताड की आंधळीलाही दिसावं. 'व्हय, बगितलंय' एवढं म्हणायचं होतं. पुढचं आपोआप आलं असतं. माझ्या अंगावर शाल होती, हौसे. शाल अंगावर असताना माणूस किती भित्रा होतो, ते मला त्या दिवशी कळलं.

"ऐकलंय," मी म्हटलं.

"बरं," तू म्हणालीस, आणि खाली बसलीस.

तुझा तो 'बरं' मला आजही ऐकवत नाही. शिव्या दिल्या असत्यास तर मी उलट दिल्या असत्या. त्यात मी तुझ्याहून हुशार. 'बरं'वर काय बोलणार?

ह्या वर्षी मी तुझं ऐकलं. कुणाला न सांगता. ताकाचं मडकं पंधरा दिवस चुलीमागं ठेवलं. सून नाक धरून माहेरी जायच्या गोष्टी करायला लागली. दोन वाफ्यांवर आठ दिवसांचं मारलं, दोन वाफ्यांवर पंधरा दिवसांचं. आठवड्यात फरक दिसला. पंधरावाल्या रोपांचा शेंडा असा तजेलदार की बघत राहावं. तुझंच बरोबर होतं, बाई. पंधरा. मी ठरवलं, उद्या सकाळी म्हशीला सांगायचं. मोठ्यानं, तुला ऐकू जाईल असं. म्हटलं, आधी एवढं सांगू, मग जमलं तर पुढचंही सांगू.

सकाळी तू बांधावर आली नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. तुझ्या वाफ्यांवरची माती वरून भेगाळली. तुला साधा ताप आलाय, कोल्हापूरला दवाखान्यात नेलंय, असं कळलं. मी घागर घेऊन बांध ओलांडला आणि तुझ्या तरव्याला पाणी घातलं. बारा वर्षांत दुसऱ्यांदा बांध ओलांडला. ह्या वेळी रांजणाला हात लावला नाही. म्हटलं, आली की बघेल, वाफे ओले आहेत, आणि कपिलीच्या नातीला काहीतरी टोचून बोलेल.

तू आली नाहीस. तिसऱ्या दिवशी गाडी आली.

तुझ्यावर मी इतकी चिडलेय की रडूसुद्धा नीट येत नाही. मरायची घाई काय होती? मी सांगणारच होते. तू म्हणशील, बारा वर्षं होती की. होती. पण मला तेरा लागली असती, तर तुझं काय बिघडलं असतं?

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आले. वस्तीत, तुझ्या अंगणात, पहिल्यांदा. मांडव होता, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या होत्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. गावातलीही बरीच आली होती. मालक काठी टेकून खुर्चीवर. वंदना झाली. मग कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला म्हणाले. कुणी तुला प्रेमळ म्हणालं. कुणी हसतमुख म्हणालं. मग एक बाई म्हणाली, "काय आसंल ते आसू दे बाबा, पर हाताला गुण हुता तिच्या."

'काय आसंल ते आसू दे.' तू मेलीस तरी माझा 'पर' जिवंत होता. तुझ्या अंगणात, तुझ्या फोटोपुढं बसून बोलत होता.

मी उठले. शाल घरी ठेवली होती.

"त्या साली आमचा तरवा मीच जाळला," मी म्हटलं. "हौसाच्या रांजणातलं पाणी चोरलं, न मिसळता वतलं. तिनं काय टाकलं न्हाई, काय केलं न्हाई. मी खोटं बोलले. तिला म्हाईत हुतं, आन् तिनं एकदाबी कुणाला सांगितलं न्हाई."

एवढं बोलायला बारा वर्षं लागली, आणि बोलून झालं तेव्हा मेणबत्ती बोटभरसुद्धा उतरली नव्हती.

मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू त्यांच्या घरात एवढी वर्षं भलतीच कुणी बाई राहत होती. मग काठी उचलून ते उठून गेले. अजून माझ्याशी चहापुरतंच बोलतात. ती 'गुण हुता' म्हणणारी बाई खाली बघत सतरंजीचा दोरा ओढत बसली. तुझा मुलगा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्याचा जबडा हलताना मला दिसला. त्या साली तो किती वर्षांचा होता? शाळेत त्याला कोण काय म्हणालं असेल? हे मी तोवर कधी मोजलंच नव्हतं. तो काही म्हणाला असता तर बरं झालं असतं. तोही तुझाच, गप राहिला.

मी चपला शोधायला वळले. मला तहान लागली होती. तेवढ्यात तुझी सून, सुनंदा, आत गेली आणि बाहेर आली. तिच्या हातात माझा तांब्या, काठोकाठ भरलेला. चिंचेनं ताजा घासलेला; गळ्याशी नाव माझ्याकडं केलेलं. तिनं तो दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला, सगळ्यांदेखत. आणि जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते:

"आत्ती दवाखान्यात म्हणल्या हुत्या, इंदी कवातरी तांब्या न्यायला येईल, तिला रिकामा देऊ नगंस. पाण्यानं भरून दे, आन् ती पिऊस्तवर समोर हुबी ऱ्हा. भ्याली तर म्हणावं, पी बिनघोर, ह्या खेपंला पाणी मिसळलंया."